परसदारचे पाहुणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी एखाद्या गहन विषयावर बोलावे, अशी अपेक्षा असते. आम्ही मात्र आज दिल्लीतील आपल्या सरकारी निवासस्थानाच्या परसात येणाऱ्या पाखरांविषयी बोलणार आहोत. आम्ही पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. कलाशाखेचे साधे पदवीधर आहोत आणि उभी हयात सरकारी कचेरीत गेली आहे. परंतु मुलाला चिऊकाऊचे घास भरवीत वाढविणाऱ्या समाजाला हा विषय परका वाटू नये. घास भरविताना आईने बोट दाखवावे आणि समोर चिऊ नसावी, ही उणीव दूरदेशी वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत आम्हांस मोठी वाटते. दिल्ली राज्याने 2012 साली चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला. मान मिळाला, आता तिला जागा हवी.

पाखरांना बोलवावयाचे म्हणजे गच्चीवर मूठभर धान्य फेकावयाचे, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामागील भूतदया आदरणीयच होय. परंतु रोज धान्याचा ढीग पडू लागला की तेथे मुख्यतः पारवे जमतात आणि लहान पाखरे मागे सरतात. पारव्यांच्या विष्ठेची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काहींना फुप्फुसाचा गंभीर विकार जडतो. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा प्रश्न 2025 साली उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आपण वाचलेच असेल. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, पाखरांना भिक्षा घालू नये, त्यांचा संसार चालेल अशी बाग करावी. संसाराला जे लागते तेच त्यांनाही लागते : पाणी, अन्न आणि आडोसा.

प्रथम पाणी. दिल्लीच्या ज्येष्ठात पारा पंचेचाळीस अंशांकडे धावतो. अशा वेळी सावलीत ठेवलेली मातीची पसरट परळ धान्याच्या पोत्याहून अधिक उपयोगी पडते. ती दोन इंचांहून खोल नसावी व मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला पाय रोवता येतो. मांजराला दबा धरता येईल अशा दाट झुडपाला खेटून ती ठेवू नये. पाणी रोज बदलावे आणि परळ घासून घ्यावी. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात साधारण आठवडा पुरतो. रोज पाणी बदलणाऱ्याला त्याची धास्ती नाही.

अन्नाची सोय झाडांकडे सोपवावी. तुती चैत्राच्या सुमारास पिकते आणि बुलबुल, साळुंक्या, कोकीळ यांची पंगत बसते. कढीलिंब आपण फोडणीसाठी लावतो. त्याची काळी फळे बुलबुलांनाही प्रिय असतात. अडुळसा खोकल्यासाठी लावावा, त्याच्या पांढऱ्या फुलांतील मध शिंजीर पितो. जास्वंद देवासाठी लावावी. तिच्यावरही तो येतो. निंबोण्या पिकल्या की कडुनिंबावर गलबला उठतो. शेवगा तर दुहेरी कामाचा आहे. शेंगा आपल्या आमटीत पडतात आणि वाळलेल्या मऊ फांदीत तांबट गोल भोक पाडून घरटे करतो. म्हणून वाळलेली फांदी अंगावर पडण्याचे भय नसेल तर ती तोडण्याची घाई करू नये. वड, पिंपळ, उंबर यांची फळे पाखरांना सर्वांत आवडती. मात्र ही झाडे भिंतीजवळ लावू नयेत, त्यांची मुळे इमारतीला सोडीत नाहीत.

आता आडोसा. शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडा कोळ्याच्या जाळ्याच्या व कापसाच्या धाग्यांनी शिवून त्यात घरटे करतो. त्याला कुंडीतील झुडूपही पुरते. चिमणीला भिंतीतील बिळे, कौलांखालची पोकळी लागते आणि नव्या गुळगुळीत इमारतींत नेमकी तीच नाही. तिच्यासाठी लाकडी पेटी टांगावी. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारच्या उन्हापासून दूर. भोक सव्वा इंचाचे असावे, म्हणजे साळुंकी आत शिरून बिऱ्हाड बळकावीत नाही.

सर्वांत कठीण पथ्य शेवटी सांगतो. बाग फार स्वच्छ ठेवू नये. पाने झडली की झाडून जाळावयाची आणि कीड दिसली की औषध फवारावयाचे, ही आपली सवय. परंतु दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना आरंभीचे दिवस मुख्यतः अळ्या व किडेच भरविते. फवारणी केलेल्या बागेत चिमणीने पेटीत अंडी घातली, तरी पिले उपाशी मरतात. पालापाचोळ्याचा एक कोपरा तसाच राहू द्यावा. सातभाईंचा कलकलाट करणारा थवा तो दिवसभर चाळीत बसतो आणि आपला माळी होतो.

थंडीत आणखी एक गंमत होते. आश्विन-कार्तिकात हिमालयाकडून व त्यापलीकडून कृष्ण थिरथिरा येतो, शेपटी थरथरवीत कुंपणावर बसतो. हिरवळीवर पांढरा धोबी पळू लागतो. उन्हाळा लागता लागता दोघेही परततात. बदलीवर आलेल्या आम्हां मंडळींना हे पाहुणे विशेष जवळचे वाटतात. त्यांची मराठी नावे मुलांना अवश्य सांगावीत. 2025 साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली यांनी पक्षिकोशात अशी नावे कष्टाने गोळा करून ठेवली आहेत. परप्रांतात भाषा टिकवावयाची तर ती पुस्तकाबरोबर परसातही बोलली गेली पाहिजे.

आता मनातील शंका. निवासस्थान सरकारचे, बदली केव्हाही होणार. मग शेवगा लावून शेंगा कोणी खाव्यात? हा प्रश्न आम्हांस अनेकांनी विचारला आहे. त्यात आता पुनर्विकासाची भर पडली आहे. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर येथील जुनी घरे पाडून बहुमजली इमारती उभारण्यासाठी हजारो झाडे तोडण्याचे ठरले, तेव्हा 2018 च्या जूनमध्ये नागरिक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला स्थगिती दिली. त्या वसाहतींतील झाडे कोणी लावली होती? त्यांपैकी कित्येक आपल्याआधी तेथे राहून गेलेल्या अनोळखी कुटुंबांनीच लावली असणार. आपण ज्या जांभळाखाली बसलो, तेही बदली होणाऱ्या माणसाचेच होते. घर सोडताना आपण दिव्यांचे बल्ब मोजून देतो. एक झाडही मागे ठेवून जावे. ज्यांच्या वाट्याला परस नाही, केवळ सज्जा आहे, त्यांनी एक परळ आणि जास्वंदीची एक कुंडी ठेवावी. शिंजीर मजले मोजीत नाही.

शेवटी भगिनींना एक विनंती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटता. येत्या संक्रांतीला प्लास्टिकच्या डब्याऐवजी मातीची परळ द्यावी. उत्तमनगरच्या कुंभारवाड्यात ती मिळेल, कुंभाराच्या घरी चार पैसे जातील आणि उन्हाळा लागेपर्यंत ती आपापल्या सज्जात पोचलेली असेल. पन्नास वर्षे हे मंडळ दूर आलेल्या मराठी माणसाला आडोसा देत आले आहे. तोच धर्म परसदारच्या पाहुण्यांशीही पाळावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.