पिसवा, जंत आणि एक मागे घेतलेला ठराव
(रौप्यमहोत्सवी सप्ताहात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की मी मुदत ठेवींवर बोलेन, नॉमिनेशनवर बोलेन, फार तर मृत्युपत्रावर. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार? मी म्हटलं, विषय आहे पिसवा आणि जंत. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "काका, नाश्त्याच्या आधी ठेवू की नंतर?" आधीच ठेवलं आहे, काळजी नसावी.

मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते आमच्या मांजरीच्या पशुवैद्यांकडून आणि नातवाच्या डॉक्टरांकडून कळलेलं, काही नंतर वाचून पडताळलेलं. गोळी किती आणि कधी, ते मला विचारू नका. पण हा विषय मी का घेतला, ते आधी सांगतो, कारण त्यात माझी एक जुनी थकबाकी आहे.

आपल्या सोसायटीला दहावं वर्ष लागलं होतं तेव्हाची गोष्ट. माझा नातू चार वर्षांचा. जूनचे पहिले पाऊस होऊन गेले होते आणि हा गडी दिवसभर अनवाणी, खेळायच्या जागेतल्या वाळूच्या खड्ड्यात. एके दिवशी तळपाय खाजायला लागला. मुंगी चावली असेल म्हणून आम्ही तेल लावलं. दुसऱ्या दिवशी तिथे एक लाल रेघ दिसली. तिसऱ्या दिवशी ती रेघ पुढे सरकली होती, नकाशातल्या नदीसारखी वळणं घेत. माझ्या सौ.ने बॉलपेनने रेघेच्या टोकाशी खूण केली. सकाळी पाहतो तर रेघ खुणेच्या सेंटिमीटरभर पुढे! घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "वाळूत खेळतो का? तिथे कुत्री-मांजरं येतात का?" मग त्यांनी समजावून सांगितलं. कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात अंकुशकृमी नावाचे बारीक जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून वाळूत, मातीत पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठ-दहा दिवसांत त्यातून निघालेल्या अळ्या तयार होऊन बसतात आणि उघडा पाय पडला की कातडीतून आत शिरतात. माणूस हे काही त्यांचं खरं घर नव्हे. खोलवर जाता येत नाही, म्हणून कातडीखालीच वाट चुकल्यासारख्या फिरत राहतात आणि काही आठवड्यांनी मरतात. औषध दिलं की लवकर सुटका. नातवाची रेघ औषधाने थोड्याच दिवसांत थांबली. पोराने ती शाळेत मित्रांना मोठ्या अभिमानाने दाखवलीसुद्धा.

पण मी थांबलो नाही. डॉक्टरांचं "कुत्री-मांजरं" यातलं मी फक्त "कुत्री" ऐकलं. तेव्हा आवारात पाळीव कुत्रा एकच, बी विंगमधला ब्रूनो. वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला की सोसायटीच्या आवारात कुत्र्यांना मज्जाव करावा. सूचक मी. अनुमोदक तर रांगेने उभे होते. त्या घरच्या वहिनी सभेत उठल्या. त्यांच्या हातात ब्रूनोचं कार्ड होतं, दर तीन महिन्यांनी जंताची गोळी दिल्याच्या तारखा, डॉक्टरांची सही, शिक्का. आयुष्यभर मी सही-शिक्क्याचे कागद तपासून पगार घेतला आणि त्या दिवशी तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. त्यानंतर वहिनी ब्रूनोला पहाटे पाचला, कोणी उठायच्या आत, मागच्या फाटकातून बाहेर नेऊ लागल्या.

पुढे दोनेक आठवड्यांनी मला पहाटे झोप येईना म्हणून मी गॅलरीत उभा होतो. वाळूच्या खड्ड्यात एक मांजर आलं. पुढच्या पायांनी छान खड्डा उकरला, विधी उरकला, वरून वाळू ओढली, वास घेऊन खात्री केली आणि चालतं झालं. ती चिंगी होती. आमची चिंगी! म्हणजे तेव्हा कोणाचीच नव्हती, पण रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या मागच्या दाराशी दूध पिऊन जाणारी. सौ.ला उठवून सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मग आता हिच्यावरही ठराव आणा."

चिंगीला पिशवीत घालून पशुवैद्यांकडे नेलं. विष्ठा तपासली, अंकुशकृमी निघाले. औषध दिलं, ऑपरेशन करून घेतलं आणि ती घरची झाली. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये मी तोंडी सांगितलं की ठरावाची अंमलबजावणी करू नये. तशी ती झालीही नाही. 2015 साली भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनाही आल्या की सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण इतिवृत्ताच्या वहीत ठराव आहे, माझी माघार नाही. ब्रूनो जाऊनही बरीच वर्षे झाली. हे भाषण स्मरणिकेत छापणार आहेत असं कळलं, म्हणून आज म्हणतो, वहिनी, चूक माझी होती. हे छापलं जाऊ द्या.

आता कामाचं बोलतो. जंतांत मुलांच्या दृष्टीने सगळ्यात जपायचा तो गोल जंत. कुत्र्याचं पिल्लू जन्माला येतं तेच आईच्या पोटातून हे जंत घेऊन येतं, असं बहुतेक वेळा घडतं. मांजरीच्या पिल्लांना ते दुधातून मिळतात. म्हणून "आमचं पिल्लू तर घराबाहेरही गेलेलं नाही" हे म्हणणं उपयोगाचं नाही. पिल्लांना दोन-तीन आठवड्यांची असल्यापासून औषध सुरू करतात, आधी दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला, पुढे साधारण दर तीन महिन्यांनी. या जंताची अंडी मातीच्या हातांनी मुलाच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात भटकतात. क्वचित डोळ्यात जातात आणि मग त्या डोळ्याची दृष्टी अधू होऊ शकते. क्वचितच, पण होतं.

यात एक दिलाशाची गोष्ट आहे, ती मात्र लक्षात ठेवा. ताज्या विष्ठेतली ही अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांना मातीत पिकायला दोनेक आठवडे तरी लागतात. मात्र एकदा पिकली की वर्षानुवर्षे तग धरतात. म्हणजे कुत्र्याने घाण केली की त्याच मिनिटाला कागदात उचलून टाकली, तर बहुतेक काम तिथेच संपलं. हे काम वॉचमनचं नाही आणि सफाईवाल्या मावशींचंही नाही, ते मालकाचं आहे.

आणि एक अन्याय दूर करतो. लहान मुलांना रात्री बसायच्या जागी खाज येते, सुतासारखे पांढरे जंत दिसतात. आजी लगेच म्हणते, "त्या मांजरीला बाहेर काढा." ते सुतकृमी माणसाकडून माणसाला होतात. मांजरीचा काडीचाही संबंध नाही.

आता पिसवा. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलीकडे बंगळुरूला दोन महिने राहिलो. चिंगी खालच्या मजल्यावर ठेवली होती, घर बंद. परत येऊन दार उघडलं, बॅगा ठेवल्या आणि पाच मिनिटांत माझे पाय घोट्यापर्यंत लाल ठिपक्यांनी भरले. घरात मांजर नाही, मग पिसवा कुठून आल्या? पशुवैद्य हसले. म्हणाले, जनावरावर दिसते ती फार तर शंभरातली पाच टक्के वस्ती. बाकीची अंडी, अळ्या, कोष हे सगळं तुमच्या सोफ्याच्या फटीत, गालिचाखाली, पलंगाखालच्या अंधारात. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती केसांवरून घरंगळून खाली पडतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि माणसाच्या पावलांचा हादरा, अंगाची ऊब लागली की बाहेर येते. आमचीच वाट पाहत बसल्या होत्या म्हणा ना. नुसत्या काउंटरवरच्या रोकडीवरून ब्रँच तपासायची नसते, तसंच हे.

मग उपाय काय? मांजरीला औषध हवंच, पण त्याबरोबर अंथरूण-अभ्रे कढत पाण्यात धुणं, कडक उन्हात टाकणं, कोपरे व्हॅक्यूमने ओढणं आणि ती पिशवी लगेच घराबाहेर. हे आम्ही अडीच-तीन महिने केलं तेव्हा थांबलं. पिसवा आहेत की नाही, याची साधी परीक्षा सांगतो. बारीक दातांच्या फणीने जनावर विंचरा. काळी कणी पडली तर ती ओल्या पांढऱ्या रुमालावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

पिसवांचा आणि जंतांचा संबंध इथे येतो. पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी खाते. कुत्रं-मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि जंत पोटात वाढतो. शेपटीखाली किंवा गादीवर तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं, त्यातही हलताना दिसलं, तर तो हाच. रांगतं मूल चुकून पिसू गिळलं तर त्यालाही होतो, औषधाने बराही होतो. म्हणून जंताची गोळी दिली आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर मुद्दल तसंच ठेवून व्याज भरत राहण्यासारखं आहे.

एक इशारा हात जोडून देतो. कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यातल्या कित्येकांत परमेथ्रिन असतं, ते कुत्र्याला चालतं, मांजरीचा जीव घेऊ शकतं. रॉकेल, फिनेल, गुरांची गोचीड मारायची पावडर, असले घरगुती प्रयोगही नकोत.

पिसू म्हटलं की आमच्या पिढीला प्लेग आठवतो. आजी सांगायची, गावात उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे. 1896 मध्ये मुंबईत तो आला, पुढे पुण्यात. 1898 मध्ये सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं की तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. ती मुख्यतः उंदरावरची पिसू, आपल्या मनीवरची जात वेगळी. तेव्हा घाबरून कोणी मांजर सोडून येऊ नका.

शेवटी कमिटीला एक स्मरणपत्र. वाळूचा खड्डा रात्री झाकावा, हे मी तीन वेळा लिहून दिलं आणि तीनदा "पुढील सभेत विचार करू" असं उत्तर आलं. परवा मी मोजमाप घेऊन ताडपत्री आणली आहे, दोऱ्यांसकट. ती वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. रोज संध्याकाळी सातला टाकायची, सकाळी काढायची, पहिला महिना मी स्वतः टाकेन. बिल खजिनदारांना दिलेलं नाही आणि देणारही नाही. आता नाश्ता घ्या. हात धुवून.