बारशाआधीचा वियोग

अर्भकाच्या मृत्यूनंतर घरात आणि घराबाहेर बहुधा दोनच प्रश्नांची चर्चा होते : मृत्यू कशामुळे झाला आणि पुढचे मूल केव्हा होणार. या दोन प्रश्नांच्या मध्ये आईवडिलांचा जो शोक उरतो, त्याची विचारपूस मात्र क्वचितच होते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तो शोक हाच असून, गेलेले बाळ त्या कुटुंबाचे होते ही गोष्ट सर्वांनी मान्य केल्यावाचून मागे राहिलेल्यांचे सावरणे सुरू होत नाही, हे त्यातील मुख्य प्रतिपादन आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणाच्या 28 आठवड्यांनंतर, प्रसूतीपूर्वी किंवा प्रसूतीच्या वेळी बाळ दगावल्यास त्यास मृतजन्म म्हणते, तर जिवंत जन्मलेले मूल पहिल्या 28 दिवसांत दगावल्यास तो नवजात मृत्यू मानला जातो. जगात दरवर्षी सुमारे 19 लाख मृतजन्म होतात आणि 2022 मध्ये सुमारे 23 लाख नवजात मृत्यू झाले, असे संयुक्त राष्ट्रांचे अंदाज सांगतात. दिवस भरण्याच्या कितीतरी आधी झालेले गर्भपात या आकड्यांत येत नाहीत. तथापि शोकाची खोली आठवड्यांवर ठरत नाही, कारण आईचे बाळाशी नाते प्रसूतीच्या दिवशी जुळत नसून ते दिवस राहिल्याचे कळल्यापासून जडत गेलेले असते, आणि डोहाळजेवण होईपर्यंत तर त्यात दोन्हीकडची घरे सामील झालेली असतात.

महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांच्या रूढींमध्ये या नात्याला सामाजिक रूप मिळते ते जन्मानंतर टप्प्याटप्प्याने. पाचवी किंवा सहावी पुजली जाते, त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते अशी श्रद्धा आहे, आणि बाराव्या दिवशी बारसे होऊन त्याला नाव मिळते. जे बाळ त्यापूर्वीच जाते, ते पुष्कळदा निनावीच राहते. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती या दोन्ही ग्रंथांनी दोन वर्षांखालील मुलासाठी अग्निसंस्काराऐवजी भूमीत पुरण्याचे विधान केले असून उदकदानही वर्ज्य मानले आहे. ज्या काळी घरोघरी लहान मुले दगावत असत, त्या काळी कुटुंबावरील विधींचा भार हलका ठेवण्याचा हेतू या नियमामागे असू शकेल. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर दहावे, तेरावे, वर्षश्राद्ध या निमित्तांनी नातलग जमतात आणि रडायला, बोलायला मुभा मिळते, ती मुभा या शोकाला मिळाली नाही. पुष्कळदा वडील, काका किंवा मामा बाळाला घेऊन जातात आणि आई दवाखान्यातील खाटेवरच राहते, त्यामुळे अखेरचा निरोप तिच्या वाट्याला येत नाही.

‘वय आहे अजून, दुसरे होईल’, ‘देवाचे होते, देवाने नेले’, ‘लळा लागण्याआधीच गेले, हे बरे झाले’ ही वाक्ये अशा वेळी सांत्वन म्हणून सर्रास बोलली जातात. ती बोलणाऱ्यांच्या मनात माया असते याविषयी शंका नाही, पण ऐकणारीला त्यांतून एवढेच कळते की, तिने शोक करण्याजोगे काही घडलेलेच नाही. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1980 च्या दशकात अशा शोकाची स्वतंत्र संकल्पना मांडली. ज्या हानीला समाज हानी म्हणून मान्यता देत नाही आणि म्हणून जिचे दुःख उघडपणे करता येत नाही, असा तो अधिकार नाकारलेला शोक होय.

समाजाने मान्यता दिली नाही तरी शरीर आपला क्रम चुकवत नाही. वार पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची, म्हणजे रक्तातून संदेश वाहणाऱ्या द्रव्याची, पातळी घसरते आणि बाळ जिवंत असो वा नसो, साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आईला दूध येते. छाती दाटून दगडासारखी होते, ठणकते, पदर भिजतो, आणि शेजारच्या खाटेवरचे मूल रडले की पान्हा फुटतो. बाळ पोटातच गेलेल्या स्त्रीला असे होईल याची पूर्वकल्पना कोणी दिलेली नसल्यास तो क्षण तिला असह्य होतो. घट्ट कापड बांधून ठेवण्याची जुनी पद्धत सुचवली जात असली, तरी आधार देणारे वस्त्र, गार कपड्याच्या घड्या, ताण कमी होईल इतपतच दूध काढणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध हे मार्ग अधिक सुरक्षित आहेत. काही माता हे दूध मातृदुग्धपेढीला देतात. मुंबईच्या शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये सुरू झालेली अशी पेढी आशियातील पहिली मानली जाते. दूध देण्याने कोणाचा शोक हलका होतो, तर कोणाला ती कल्पनाही सोसत नाही, म्हणून हा निर्णय सर्वस्वी त्या आईचा असला पाहिजे.

या दुःखात वडिलांची स्थितीही अवघड असते. ‘तू खचलास तर तिच्याकडे कोणी पाहायचे’ असे त्यांना बजावले जाते आणि अंत्यविधीपासून दवाखान्याच्या बिलापर्यंतची कामे उरकताना त्यांचे रडणे राहून जाते. दुधापेक्षा दुधावरच्या सायीला जपणारी आजी नातवंडासाठी रडते आणि लेकीचे दुःख पाहूनही रडते. घरातील मोठ्या भावंडाला ‘बाळ देवाघरी गेले’ असे सांगून विषय मिटवला, तर आपल्या एखाद्या खोडीमुळे हे घडले असे ते मूल मनात धरू शकते, म्हणून बाळ मरण पावले आणि त्यात कोणाचाही दोष नाही, हे त्याला साध्या शब्दांत सांगणे हिताचे ठरते.

शोकाच्या अभ्यासानेही गेल्या शतकात मोठे वळण घेतले. मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोकाचे कार्य म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे, असे मांडले होते. याउलट 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने नाते तुटत नसून रूप बदलून टिकते, हा विचार पुढे आणला. स्ट्रीब आणि शूट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी 1999 मध्ये असे प्रतिपादन केले की, शोकग्रस्त माणूस कधी दुःखाकडे तर कधी रोजच्या व्यवहाराकडे वळत राहतो आणि हे येणेजाणे निरोगी असते. त्यामुळे दुपारी हसलेली आई रात्री दुपटे उराशी धरून रडली, तर तिचे सावरणे खोटे ठरत नाही. मात्र कित्येक महिने उलटूनही रोजचे जगणे ठप्प असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी. केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मान्यता देण्याचे काम कायद्याने काही अंशी केले आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात ‘जन्म’ या संज्ञेत मृतजन्माचा समावेश आहे, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने मृत जन्मलेल्या अपत्यालाही ‘मूल’ मानले, आणि केंद्र शासनाने सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी मृतजन्म किंवा जन्मानंतर लवकरच बाळ दगावल्यास 60 दिवसांची विशेष रजा काही अटींवर मंजूर केली. रुग्णालयांनी आणि कुटुंबांनी यापुढचे पाऊल उचलायला हवे. आईची इच्छा असल्यास बाळ पाहू देणे, कुशीत घेऊ देणे, पावलांचा ठसा किंवा छायाचित्र जपून ठेवणे, तिची खाट बाळंतिणींपासून दूर हलवणे, आणि ठरवलेले नाव उच्चारण्यास संकोच न करणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. बाळासाठी आणलेली कुंची आणि अंगडीटोपडी आई घरी परतण्याआधी परस्पर नाहीशी करू नयेत, कारण ती ठेवायची की द्यायची हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे.

अशा शोकातून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी यांचा मुलगा त्या अवघ्या 14 वर्षांच्या असताना जन्मला आणि दहा दिवसांत, योग्य उपचारांअभावी, गेला. त्या वियोगातूनच त्यांच्या वैद्यकशिक्षणाचा निश्चय बळावला आणि 1886 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियात एम.डी. पदवी मिळवली. अशी अर्भके वाचवण्यासाठी पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले, प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली, आणि 39 गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

प्रत्येक आईने दुःखाचे कार्यात रूपांतर करावे, अशी अपेक्षा करणे मात्र तिच्यावर नवे ओझे लादण्यासारखे होईल. पुढचे मूल झाले तर ते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या हक्काने येते, गेलेल्या बाळाची भरपाई म्हणून नव्हे, आणि ते झाले नाही तरी त्या जोडप्याचे आयुष्य पुन्हा उभे राहू शकते. आपल्याला किती मुले झाली, या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याची मोकळीक त्या आईला तिच्या घरात आणि गोतावळ्यात मिळावी, आणि ते उत्तर ऐकून घेण्याची जबाबदारी समाजाने स्वीकारावी, यातच तिच्या आशेला आधार आहे.