नावांखालचं पाणी

मी मुरुडचा म्हटलं की मुंबईची माणसं लगेच जंजिऱ्याची चौकशी करतात. ते मुरुड समुद्रकाठचं. आमचं लातूर जिल्ह्यातलं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखातलं. अशा माणसाला, पाणी हटवून जमीन केलेल्या शहराचं नवल वाटणारच.

मुंबई सात बेटांची, हे शाळेत शिकवतात. मधलं पाणी कुठं गेलं, ते मात्र नावांना विचारावं. पायधुणीला आज दुकानं, हातगाड्या, गर्दी. एके काळी मुंबई आणि माझगाव या बेटांमध्ये तिथं खाडी होती. ओहोटीला माणसं चिखल तुडवत येत आणि इथं पाय धूत, असं सांगतात. जवळच उमरखाडी. खाडी बुजली, नाव टिकलं. ही नावं कुणा साहेबानं दिलेली नाहीत, चालणाऱ्या पायांनी दिली.

सगळ्यात मोठं खिंडार महालक्ष्मी आणि वरळीच्या मध्ये. भरती तिथून थेट आत शिरे. १७८४च्या सुमारास, गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, तिथं बांध पुरा झाला. त्याला म्हणत हॉर्नबी व्हेलार्ड. व्हेलार्ड हा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला. आता तो लाला लजपतराय मार्ग. नाव थोर माणसाचं, तक्रार नाही. पण आपण बांधावरून चाललो आहोत, हे त्यातून कळत नाही. ब्रीच कँडीतलं ‘ब्रीच’ तेवढं उरलंय. ते म्हणजे हेच खिंडार.

बांधामागची सखल, दलदलीची जमीन हळूहळू भरत गेली. तिथं कामाठी वसले. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून आलेले बांधकामावरचे मजूर. आम्हीही निजामाच्याच राज्यातले, म्हणून मला ते गाववाले वाटतात. कामाठीपुरा म्हटलं की लोक भलताच अर्थ घेऊन हसतात. त्या नावात डोक्यावर घमेलं घेतलेली माणसं आहेत, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

नरिमन पॉइंटची तर और कथा. १९२०च्या दशकात बॅकबेत भराव चालू होता. त्या कामातल्या गैरव्यवहारावर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी तोफ डागली. एका अधिकाऱ्यानं अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. आणि पुढं त्याच बॅकबेत भरावावर उभ्या राहिलेल्या जागेला नाव मिळालं ते त्यांचंच! नाव देणाऱ्यांना यातली गंमत कळली होती की नाही, कोण जाणे.

अलीकडे किनारी रस्त्यासाठी शंभराहून अधिक हेक्टर भराव पडला. २०२४पासून रस्ता टप्प्याटप्प्यानं खुला झाला. वरळीच्या कोळ्यांनी भांडून पुलाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० मीटर करून घेतलं, होड्या सुखरूप जाव्यात म्हणून. पण कोळ्यांची समुद्रात ओळखीची ठिकाणं असतात, खडक असतात. त्यांना त्यांची त्यांची नावं असतात. नकाशावर ती सापडायची नाहीत. खडकच भरावाखाली गेला, तर नातवंडांनी ते नाव कशाकडे बोट दाखवून घ्यायचं? कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून ती उतरवून घ्यायला हवीत, आणि तीही आत्ताच. नव्या रस्त्यावर पाट्या पुष्कळ लागल्यात. त्यांतल्या चार या नावांच्याही असू द्याव्यात.