दख्खनची मेंढी

मेंढीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; तेथे एक कठीण गादी असते. खालच्या दातांनी गवत त्या गादीवर दाबून ती तोडते. वरचा ओठ मधोमध चिरलेला असल्याने गाईबैलांना न सापडणारे खुरटे गवतही तिला खुडता येते. माण, आटपाडी, जत येथील अवर्षणी माळांवर धनगराचा संसार उभा राहिला, तो बऱ्याच अंशी या सोयीवर.

माणसाने मेंढी पाळली ती सुमारे १०,००० वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात, आणि तीही प्रथम मांसासाठी. रानमेंढीच्या अंगावर राठ केसच अधिक; लोकर ही पुढील निवडीची कमाई. दख्खनी मेंढी या बाबतीत कृपणच म्हणावयाची. तिची काळी, जाडीभरडी लोकर शालीच्या कामाची नाही. पण तिचेच सूत कातून सनगर मागावर घोंगडी विणतो, तिला चिंचोक्याची खळ देतो, आणि ती घोंगडी पावसात छत्री, थंडीत पांघरूण व मंगलकार्यात बैठक होते.

तथापि शेतकऱ्याशी धनगराचे नाते जडले ते लेंड्यांमुळे. पावसाळा सरला की वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून चाऱ्यामागे निघतात; काही सह्याद्री उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवतात. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरते. गाडी नको, उकिरडा नको. मोबदला म्हणून शेतकरी धान्य देई. दोघांनाही गरज होती, म्हणून हा व्यवहार कागदावाचून टिकला.

आता त्याचा एक पाय लंगडा झाला आहे. रासायनिक खत आले, माळ नांगरले गेले, लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या भरल्या, त्यांतील महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. त्या पाळल्या जातात त्या मुख्यतः मांसासाठी.

मांसच विकावयाचे तर कोकरे अधिक हवीत. दख्खनी मेंढी पाच महिने गाभण राहून बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील ठेंगण्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण संकराने दख्खनीत आणला. पण जुळ्यांना पुरेल एवढे दूध यावयाचे तर आईला जादा खुराक लागतो, आणि वाटचालीत असलेल्या वाड्याला तो विकत घ्यावा लागतो.