नॉर्मल रिपोर्टचा अर्थ



‘जीवनसत्त्व के रक्त गोठण्यास मदत करते’ हे वाक्य बाईंनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं. त्याचा अर्थ मला बाबांच्या आजारपणात कळला. २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर ज्या आजाराने गेले, तो स्वादुपिंडाचा कर्करोग बाबांना झाला. गाठीने पित्तनलिका दाबली, कावीळ झाली. पित्त आतड्यात पोचेना, म्हणून ‘के’ शोषलं जाईना आणि रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी वाढून आली. ‘के’ची इंजेक्शनं दिल्यावर ती सुधारली, मग शस्त्रक्रिया झाली.

घरी आल्यावर रिपोर्ट नॉर्मल. आकडा मर्यादेत दिसला की आम्ही इंजिनिअर निर्धास्त! हेपॅरिनची इंजेक्शनं चार आठवडे घ्यायची होती, ‘आता कशाला?’ म्हणत मीच दोन दिवस चुकवली. बाबांची एक पोटरी सुजली. डॉप्लर सोनोग्राफीत शिरेत गुठळी दिसली. वेळेत उपचार झाले, म्हणून बाबा वाचले.

आयएनआर नॉर्मल म्हणजे गुठळीचा धोका टळला, असं नसतं. हा कर्करोगच रक्त गोठण्याला चालना देतो. फ्रेंच डॉक्टर त्रुसो यांनी कर्करोग आणि गुठळीचं नातं १८६५ मध्येच सांगितलं होतं.

आपले आईवडील आता थकले आहेत. रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन थांबवू नका. एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट न बघता घाटी गाठा.

बाई, धडा उशिरा समजला, पण समजला.