जीडीए आणि बीए, दोन्ही एकदम: जमतं कसं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणींनी हेच विचारलं, "ताई, जीडीए करतेयस, बीएपण करतेयस, जमतं कसं?" तर आज त्यावरच बोलू.

जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट. पेशंटला स्पंजिंग करणं, बेड लावणं, बेडपॅन देणं, ताप-नाडी-बीपी मोजून लिहून ठेवणं, पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद ठेवणं. इंजेक्शन देणं आमचं काम नाही. लोक मात्र सरसकट सिस्टर म्हणतात, नाहीतर मावशी. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी साठीच्या आजोबांची मावशी झालेय!

माझं कॉलेज सकाळचं, वॉर्ड दुपारी दोन ते रात्री आठ. ऐकायला सोपं वाटतं ना? पण ड्युटी बदलत राहते. ज्या महिन्यात सकाळची पाळी लागते, त्या महिन्यात लेक्चर गेलंच. आणि कॉलेजला पंचाहत्तर टक्के हजेरी हवी.

मी दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवली आणि यातलं हलतं काय, ते शोधलं. वॉर्ड हलत नाही. जो पेशंट स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला "लेक्चर संपवून येते" असं सांगता येत नाही. कॉलेजात मात्र थोडंफार हलतं: प्रेझेंटेशनची तारीख, असाइनमेंट, कधी कधी तुकडी. त्यासाठी पाळी सुरू व्हायच्या आधी अर्ज द्यायचा, सोबत ट्रेनिंग सेंटरचं पत्र जोडायचं, आणि पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं परीक्षेच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

एका सरांनी मला विचारलं, "पेशंटचंच करायचंय तर बीए कशाला?" प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. आमच्या घरी जूनपासून माझा पगार धरलेला आहे, बाबांचं काम बंद आहे. जीडीएने सहा महिन्यांत कमाई सुरू होईल, हे खरं. पण या सर्टिफिकेटवर कुणी नर्स होत नाही. त्यासाठी एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. हे प्रवेश घेताना स्पष्ट सांगत नाहीत, म्हणून मी सांगतेय. बीए माझ्याकडे असलं तर पुढे एमएसडब्ल्यू करून मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा विभागात जाता येतं, स्पर्धा परीक्षा देता येतात. म्हणून मी ते सोडलेलं नाही.

ज्यांना रोज कॉलेजला जाणं शक्यच नाही, त्यांनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा विचार करा. तसंही २०२२ पासून यूजीसीने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. दोन्ही रेग्युलर असतील तर वेळा आपटायला नकोत, एवढंच. तुमच्या कोर्सला ते लागू पडतं का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या.

अभ्यासाचं म्हणाल तर मी नोट्स स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करते आणि एसटीत ऐकते. वॉर्डात फोन बॅगेतच. पेशंटचा फोटो, रील वगैरे अजिबात नाही.

आणि रात्रपाळी संपवून थेट लेक्चरला जाऊ नका बाई. आधी झोपा. डोळे मिटत असताना बीपी मोजलं तर १३० चं १८० लिहिलं जातं, आणि डॉक्टर तुमच्या आकड्यावर औषध ठरवतात. बुडालेल्या लेक्चरच्या नोट्स मैत्रीण देते.

कोर्सला नाव घालण्याआधी सेंटरला हे जरूर विचारा: पुढची पाळी किती दिवस आधी कळते? आमच्याकडे दोन दिवस आधी कळते. माझी पुढची सोमवारी कळेल, आणि बुधवारी अर्थशास्त्राची टेस्ट आहे. सकाळची लागली तर अर्ज तयार ठेवलाय.