शाकारणीचा हिशेब



 पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांविषयी या परिषदेत मला बोलायचे आहे आणि सुरुवात छपरापासून करायची आहे.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची पाहणी करताना माजघरातली तुळई मी बोटांनी ठोकून पाहिली. मधोमध सागवान खणखणीत वाजले. भिंतीत शिरलेल्या टोकाशी मात्र आवाज बद्द आला. खिळा टोचला, तर तो बोटभर आत गेला आणि ओला भुसा बाहेर पडला. वर चढून पाहिले, तर नेमकी त्याच जागची दोन कौले फुटलेली. किती पावसाळे तिथे पाणी मुरत होते, घरात कुणालाच सांगता येईना.

मित्रहो, वाडा म्हातारपणाने पडत नाही. शाकारणी चुकल्याने पडतो. पूर्वी दर उन्हाळ्यात माणसे छपरावर चढत, कौले उतरवत, फुटकी बदलत, पन्हळी साफ करत. हा रिवाज का मोडला? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. घरांच्या टंचाईच्या त्या काळात भाडेकरूला आधार हवाच होता. पण पुढे दशके लोटली आणि भाड्यातून कौलांचा खर्चही निघेना. मालक म्हणे, राहता तुम्ही; भाडेकरू म्हणे, घर तुमचे. छप्पर मात्र कुणाचेच राहिले नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतरही हा तिढा सुटलेला नाही, आणि वाड्यापेक्षा त्याखालची जागा मोलाची ठरली.

दुरुस्ती झाली, तरी ती पुष्कळदा घात करते. विटा-माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि परत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीतले लाकूड कुजते. चुना घाणीत मळणारे, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा किती घालायचा हे हाताने ओळखणारे कारागीर आता मोजके उरले आहेत. त्यांना या परिषदेत पहिल्या रांगेत बसवायला हवे.

टिकलेल्या वाड्याचेही एक उदाहरण पाहा. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८७९ च्या आगीत बराचसा जळाला. लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या बळावर तो पुन्हा उभा राहिला. पाठशाळा, नगरपालिकेची कचेरी, टपाल कार्यालय असा त्याचा वापर होत राहिला. म्हणून दर्शनी सज्जाचे सुरूच्या घाटाचे खांब आज आपल्याला दिसतात. त्याच वर्षी जळालेला बुधवारवाडा पुन्हा उठला नाही. वापरातली वास्तू लोक सांभाळतात, हा त्यातला धडा आहे.

आणि भिडे वाडा? १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. तो डोळ्यांदेखत जीर्ण होत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडावा लागला. स्मारक व्हायलाच हवे. पण ज्या भिंतींत त्या मुली शिकल्या, त्या आपण राखल्या नाहीत, याची खंत मला आयुष्यभर राहील.

म्हणून माझे मागणे साधे आहे. महापालिकेने मोठ्या जीर्णोद्धारांबरोबरच खासगी वाड्यांच्या वार्षिक शाकारणीसाठी वेगळी तरतूद करावी. मालक आणि भाडेकरूंनी खर्चाची वाटणी लेखी ठरवावी. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक उन्हाळा चुन्याच्या घाणीवर काढावा. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाने येत्या मे महिन्यात आपल्या पेठेतल्या एका तरी वाड्याच्या छपरावर चढून फुटकी कौले मोजावीत. ती बदलायला एक दिवस लागतो. तेवढा दिवस आपण द्यावा, ही विनंती करून मी थांबतो.